गिरगावातली सासऱ्यांची पागडीची खोली: डोंबिवली सोडून तिकडे राहायला जावं का?

कढीपत्ता
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो, स्वतःचा टू बीएचके, लोन अजून चालू. माझं ऑफिस चर्चगेटला, नवऱ्याचं बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुल). मुलगा सिनिअर केजीत आहे, पुढच्या वर्षी पहिली. सासरे गिरगावात ठाकूरद्वारजवळच्या चाळीत एकटे असतात, सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. जागा पागडीची, म्हणजे आधी ठोक रक्कम देऊन मग नाममात्र भाड्यावर राहायची; दुसरा मजला, दोन खोल्या आणि पुढे कॉमन गॅलरी, संडास मजल्याच्या टोकाला, मोरी घरात. चर्नी रोड स्टेशन चालत दहा मिनिटांवर. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, जिना उतरायचा म्हणजे सकाळचा एकच फेरा. आमच्याकडे आणलं की चार दिवस बरे असतात आणि मग चुळबुळ सुरू, पेपर वेळेवर येत नाही, इथे ओळखीचं कोणी नाही, वगैरे.

दीर पुण्याला असतात. त्यांचं म्हणणं बाबांना डोंबिवलीला न्या, खोलीला कुलूप लावा, रिडेव्हलपमेंट होईल तेव्हा बघू. नवरा म्हणतो आपणच तिकडे जाऊ, डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने देऊ, लोनचा हप्ता त्यातून थोडा तरी निघेल. तो लहानपणी तिथेच वाढलाय त्यामुळे त्याला सगळं छानच वाटतं. मला रोज सकाळी डोंबिवली स्टेशनवर जे होतं ते सोडायला कुठलाही बहाणा चालेल, पण दोनशे वीस स्क्वेअर फुटात चार माणसं आणि बाहेरचा संडास हे मला जमेल का ही खरी शंका आहे. कोणी असं उलटं गेलंय का? म्हणजे उपनगरातून परत गिरगावात? शाळा, पाणी, गोंगाट, सगळंच सांगा. प्लीज मोठ्या शहरात जुन्या वाड्यांचं सौंदर्य वगैरे नको, ते मला फोटोत दिसतं.

---

मुगभाट रिटर्न्स
शेवटची ओळ आवडली :) 

मी मुगभाट लेनमध्ये जन्मलो वाढलो, आता ठाण्यात. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो. तुमच्या मिस्टरांना जे आठवतंय ते खोटं नाहीये. पण त्यांना जे आठवतंय ते एका मुलाचं गिरगाव आहे, ज्याला रात्री दोन वाजता संडासला जायचं तर आई बरोबर यायची आणि बादली पण आईच भरून न्यायची. तुम्ही तिथे ती आई असणार आहात. हे आधी त्यांच्याशी बोलून घ्या, कोण काय करणार ते, मग बाकीचं.

दुसरं, चाळ नीट बघा. लहानपणापासून बघितलेली वस्तू आपण बघत नाही. गॅलरीखाली टेकू लावलेत का? लोखंडी की लाकडी? किती वर्षांपासून आहेत? आमच्या चाळीत म्हाडावाल्यांनी तात्पुरते म्हणून लावलेले टेकू इतके जुने झाले की पोरं त्यांना स्टंप समजून क्रिकेट खेळायची, आणि एकाला तर दोरी बांधून आजी पापड वाळत घालायची. तुमच्या खोलीच्या छताला पोपडे धरलेत का, जिन्याच्या पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात का, पावसात भिंतीला हात लावला की ओल लागते का हे सगळं जूनच्या आधी एकदा आणि जुलैत एकदा बघा. म्हाडा दर वर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींची यादी काढते, त्यात नाव आहे का ते बघाच. यादीत नसणं म्हणजे सगळं आलबेल असं मात्र नाही.

बाकी तुमचे सासरे म्हणतात ते बरोबर आहे. तिथे ते खाली पडले तर तीन मिनिटांत चार जण धावतील. डोंबिवलीत तुम्ही दोघं ऑफिसात असताना फ्लॅटचं दार बंद.

---

लघुवाद
ताई, तुमच्या दिरांनी दिलेला सल्ला सोडून बाकी सगळ्यावर निवांत चर्चा करा. कुलूप अजिबात लावू नका. 

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम १६ मध्ये घरमालकाला खोली परत मागायची जी कारणं दिलीत त्यात एक असंय की भाडेकरूने वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरलीच नाही. खोलीला कुलूप, लाइट बिल शून्य, शेजारी सांगतात कोणी येत नाही, एवढं मालकाला पुरतं. मग तुम्ही धोबीतलावला लघुवाद न्यायालयात खेटे घालत बसायचं. मालक लगेच दावा लावेलच असं नाही, पण बिल्डर आला की त्याला प्रत्येक कमी झालेली खोली हवीच असते आणि तेव्हा ही जुनी कुलपं आठवतात.

आता खरा प्रश्न. भाडेपावती कोणाच्या नावावर आहे? तुम्ही ते लिहिलंच नाहीये आणि माझा अनुभव असा की जे लिहीत नाहीत त्यांच्याकडे ती आजोबांच्या नावावर असते. तसं असेल तर सासरे आहेत तोवर त्यांच्या नावावर करून घ्या. कायद्यात भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो, तसं कोणी नसेल तर वारस, आणि वारसांचं आपसात जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. 'बरोबर राहणारा' हे शब्द महत्त्वाचे. सासऱ्यांबरोबर आज कोणीच राहत नाही. तुम्ही राहायला गेलात तर या एका गोष्टीमुळे तुमची बाजू भक्कम होते. रेशनकार्ड, आधार, मुलाची शाळा, गॅस, सगळं त्या पत्त्यावर येऊ द्या.

मी वकील आहे पण तुमचा नाही, कागद बघितलेले नाहीत, तेव्हा एका जाणकाराला कागद दाखवाच.

---

ठाकूरद्वार लोकल
आम्ही इथेच, लग्न होऊन आले तेव्हापासून. मी पण परळच्या दोन खोल्यांतून आले त्यामुळे मला फार फरक पडला नाही, तुम्ही टू बीएचकेतून येताय तुम्हाला पडेल.

प्रवासाचं सांगते आधी कारण त्यासाठीच तर येताय. तुमचं ऑफिस चर्चगेटला म्हणजे चर्नी रोडहून मधे फक्त मरीन लाइन्स, गाडीत बसायला जागा शोधायची पण गरज नाही, दारात उभं राहायचं आणि उतरायचं. मी तर हवा बरी असली की मरीन ड्राइव्हवरून चालतच जाते. मिस्टरांना बीकेसी म्हणजे आता मेट्रो ३ आहे, ऑक्टोबर २०२५ मध्ये आचार्य अत्रे चौक ते कफ परेड हा शेवटचा तुकडा सुरू झाला तेव्हापासून गिरगाव स्टेशनहून थेट बीकेसी. गाडी बदलणं नाही, कुर्ल्याला उतरून रिक्षासाठी भांडणं नाही. जमिनीखाली उतरायला बराच वेळ जातो आणि लोकलच्या पासाच्या मानाने महाग आहे हे धरून चाला. पण ती मेट्रो बनताना जे आम्ही सोसलंय ते विचारू नका, वर्षानुवर्षं पत्रे लावलेला रस्ता, धूळ, रात्री मशीनचा आवाज, आणि काही चाळींमधल्या लोकांना तर घरं सोडून जावं लागलं.

गोंगाट. गाड्यांचा आवाज रुळाला लागून असलेल्या इमारतींना येतो, आत वाड्यांमध्ये फारसा नाही. आत वेगळे आवाज, पहाटे दुधाचे क्रेट, हातगाड्या, मग समोरच्या गॅलरीतल्या काकांचं घसा साफ करणं. गणपतीच्या आधी महिनाभर ढोलताशाची प्रॅक्टिस. आणि अनंत चतुर्दशीला तर कुठे जायचं यायचं नावच काढू नका, सगळे गणपती चौपाटीला, रस्ते बंद, गर्दी नको म्हणून संध्याकाळी चर्चगेटकडच्या काही लोकल चर्नी रोडला थांबवत पण नाहीत. घरात आजारी माणूस असेल तर त्या दिवशीची तजवीज आदल्या दिवशी. हे दहा दिवस ज्याला आवडत नाहीत त्याने इथे येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. माझा मुलगा केशवजी नाईक चाळीच्या गणपतीच्या पालखीला जातो, तो १८९३ चा गणपती, मूर्ती अजून छोटीशीच, तिथे ढणढणाट नाही काही. तुमच्याही मुलाला न्या.

पाणी ठरल्या वेळेला येतं, ती वेळ प्रत्येक गल्लीची वेगळी. पिंप भरायचं काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याची झोप गेली.

शाळा आहेत, चिकित्सक आहे, आर्यन आहे, सेंट टेरेसा आहे. मराठी माध्यमात पट कमी झालाय त्यामुळे प्रवेशाला मारामारी नाही, इंग्रजीला लवकर फॉर्म भरा. सगळं चालत. आणि मुलाला घेऊन यायला गल्लीतली कोणीही आजी तयार असते, चार प्रश्न मात्र विचारते.

---

अरसिक
सगळे एवढं छान छान लिहितायत म्हणून मी जरा पाणी ओततो. कसलं गिरगाव घेऊन बसलात? अर्धं गिरगाव दहिसर, विरार, डोंबिवली, बदलापूरला गेलं ते काय हौस म्हणून गेलं का? तीन भावांची लग्नं झाली आणि एका खोलीत पडदा लावून झोपणं अशक्य झालं म्हणून गेलं. आता चाळ पडते, टॉवर होतो, चाळवाल्यांना मागच्या विंगमध्ये वेगळी लिफ्ट, पुढच्या विंगमध्ये वास नको म्हणून मासे खाणारे नकोत. आणि मेंटेनन्स? खोलीचं भाडं महिना काहीशे रुपये भरणाऱ्या पेन्शनर माणसाला टॉवरचा मेंटेनन्स आला की तो दोन वर्षांत विकून निघतो. खोताच्या वाडीत जा, लाकडी जुनी घरं किती उरलीत ते मोजा, फार वेळ लागणार नाही. ताई, डोंबिवलीत राहा, दोन खोल्या जास्त आहेत, संडास घरात आहे. सासऱ्यांसाठी दिवसा बाई ठेवा.

---

मुगभाट रिटर्न्स
@अरसिक, गेलेल्यांच्या कारणांबद्दल सहमत, आमचं पण तेच झालं. पण 'बाई ठेवा' हे फार सोपं लिहिलंत. माणूस तिथे बाईची सोबत नाही मागत, त्याला खाली ओट्यावर बसायचंय. आणि तुमच्या 'डोंबिवलीत राहा' मागे आत्तापर्यंत तुम्ही सकाळी आठ बावन्नच्या लोकलच्या डब्यात शिरलेले दिसत नाही.

---

फडके रोड
मी डोंबिवलीकर, मधेच तोंड घालतो. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेचे फोटो सगळे टाकतात पण नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली ती १९९९ साली डोंबिवलीत, गणेश मंदिरापासून. एवढं लक्षात असू द्या. धाग्याशी संबंध नाही, चालू द्या.

---

ठाकूरद्वार लोकल
बरं बाबा, सुरू तुम्ही केली, बुलेटवर नऊवारी नेसून आम्ही आलो :) 

@अरसिक, मागच्या विंगचं खरं आहे, माझ्या नणंदेकडे तसंच झालंय. पण तो प्रश्न चाळ पाडल्यावरचा आहे. त्या विचारतायत आजचा.

---

कढीपत्ता
सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. 

@लघुवाद, तुम्ही बरोबर ओळखलंत, पावती आजेसासऱ्यांच्या नावावर आहे. ते जाऊन फार वर्षं झाली. दर महिन्याला मालकाचे मेहताजी येतात, भाडं घेतात आणि आजेसासऱ्यांच्याच नावाने पावती फाडतात, सासरे म्हणतात आजवर कधी काही अडलं नाही. सासऱ्यांना एक बहीण आहे, माझी आत्येसासू, त्या नाशिकला. नाव बदलायचं म्हटलं तर मालक पैसे मागेल असं सासऱ्यांना वाटतं म्हणून ते टाळतायत. मधे एकदा बिल्डरचा माणूस येऊन मीटिंग घेऊन गेला, चहा-समोसे झाले, पुढे काही नाही.

@मुगभाट, टेकू आहेत. लोखंडी. मी आजवर बघितलेच नव्हते, काल नवऱ्याला विचारलं तर म्हणतो 'ते तर पहिल्यापासून आहेत'. 

माझा मुख्य अडथळा संडास. नवरा म्हणतो मोरीतच कमोड बसवून घेऊ, शेजारच्या बिऱ्हाडाने केलंय. होतं का ते असं?

---

रंधा
मी दुरुस्तीचीच कामं करतो, लालबाग, गिरगाव, खेतवाडी या भागात. होतं, पण 'शेजारच्याने केलंय' हे कारण पुरेसं नाही. तुमची चाळ १९४० च्या आधीची असणार, ठाकूरद्वारला बहुतेक तशाच. म्हणजे खालची जमीन ही स्लॅब नाही, लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा पाटई, त्यावर चुना-कोबा आणि वर कोणीतरी नंतर बसवलेली लादी. मोरीखालची तुळई शंभर वर्षं पाणी पिऊन बसलेली असते. त्यावर तुम्ही विटांचं बांधकाम, सिमेंट, कमोड, वर पन्नास-शंभर लिटरची टाकी ठेवणार. मी एका ठिकाणी लादी काढली तेव्हा खालच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला, आणि वर माणसं रोज उभं राहून आंघोळ करत होती.

तेव्हा क्रम असा, आधी खालच्या बिऱ्हाडात जाऊन त्यांच्या छताला ओल, डाग, वाकलेली तुळई बघा. ते चहा देतील, बघू पण देतील. तिथे गडबड असेल तर विषय संपला, आधी तुळई बदलायची. ठीक असेल तर मालकाची लेखी परवानगी, महापालिकेची परवानगी, ड्रेनेजचा पाइप कुठून उतरणार आणि चोक झाला तर कोण काढणार यावर मजल्यावरच्या सगळ्यांची संमती. विटा नकोत, हलक्या पॅनेलच्या भिंती वापरा. वॉटरप्रूफिंगमध्ये पैसे वाचवू नका. लेखी परवानगीशिवाय केलं तर मालकाला आयतं कारण मिळतं, ते लघुवाद साहेब जास्त चांगलं सांगतील.

सासऱ्यांसाठी आत्ता लगेच काय, तर कमोड चेअर. भांडं काढून साफ करायचं असतं, आवडीचं काम नाही, पण रात्री ओल्या गॅलरीतून चालण्यापेक्षा बरं. जिन्याला दुसऱ्या बाजूने पण कठडा लावून घ्या, किरकोळ खर्च आहे आणि त्याला कोणी हरकत घेत नाही.

---

लघुवाद
रंधा यांना +१. परवानगीशिवाय कायम स्वरूपाचं बांधकाम हे पण खोली खाली करायला सांगायचं कारण आहे, त्याच कलमात.

ताई, आता पावतीचं. आजेसासरे वारले तेव्हा सासरे त्यांच्याबरोबर राहत असतील तर सासऱ्यांचा हक्क तेव्हाच तयार झालाय, पावतीवर नाव नसलं तरी. पण हे सिद्ध करायला त्या काळचे कागद लागतात. मृत्यूचा दाखला, जुनं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, सासऱ्यांच्या नोकरीतल्या कागदांवरचा पत्ता, लाइट बिल. आणि आत्येसासूबाईंचं 'माझी हरकत नाही' असं लेखी. त्या हयात आहेत, संबंध चांगले आहेत, आत्ताच घ्या. त्यांच्यानंतर त्यांच्या मुलांकडून घेणं हा वेगळाच खेळ असतो, विशेषतः बिल्डरची मीटिंग होऊन गेल्यावर.

मालक पैसे मागेल हे खरं, काही ना काही मागतोच. पण खोली तिऱ्हाइताला विकताना मालक साधारण तिसरा हिस्सा घेतो तो रिवाज इथे लागत नाही, घरातल्या घरात नाव बदलताय. मेहताजींशी नाही, मालकाशी बोला, आणि जे द्याल त्याची पावती घ्या. कायद्याने भाडं वर्षाला चार टक्के वाढवता येतं, ते आजवर वाढवलं नसेल तर 'वाढवून देतो' हे बोलणीत वापरता येतं. मालक अडूनच बसला तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवा.

---

कढीपत्ता
हे फार उपयोगी आहे. आत्येसासूबाई पुढच्या महिन्यात येणारच आहेत, तेव्हाच विषय काढते, म्हणजे नवऱ्याला काढायला लावते.

अजून एक. दीर म्हणतायत की नाव बदलताना दोन खोल्यांच्या दोन वेगळ्या पावत्या करून घ्या, एक आमच्या आणि एक त्यांच्या नावावर, म्हणजे टॉवर झाला की दोन फ्लॅट मिळतील. त्यांच्या ऑफिसातल्या कोणीतरी असं केलंय म्हणे.

---

अरसिक
हा हा. आलं का शेवटी. मी म्हणत होतो ना.

---

लघुवाद
नाही होत. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७) खाली, म्हणजे जुन्या उपकरप्राप्त चाळींच्या पुनर्विकासात, १३ जून १९९६ नंतर खोलीचे तुकडे करून तयार केलेली भाडेकरी धरत नाहीत. तुमची एकच भाडेकरी धरली जाणार, मग तुम्ही पावत्या दोन करा नाहीतर पाच. एका भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट कार्पेट मिळतं, तुमचं आजचं क्षेत्र त्याहून कमी आहे म्हणजे तुम्हाला साधारण तेवढं, बिल्डर वर किती देतो ते बोलणीवर. उलट वेगळ्या पावत्यांच्या नादात मालकाला तुम्ही स्वतःहून सांगताय की इथे वाद आहे. दोघा भावांनी पुढे काय वाटून घ्यायचं ते आपसात लिहून ठेवा, तो वेगळा कागद, पावतीशी त्याचा संबंध ठेवू नका. आणि हे दिरांना फोनवर सांगू नका, आत्या येतील तेव्हा त्यांनाही बोलवून घ्या.

---

ठाकूरद्वार लोकल
आणि तुम्ही स्वतः मे महिन्याच्या सुट्टीत पंधरा दिवस येऊन राहा मुलाला घेऊन, ऑफिस इथूनच करा. सासऱ्यांनाही बरं वाटेल. कधी येताय ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाण्याची तुमच्या गल्लीची वेळ विचारून ठेवते, आणि पहिल्या रविवारी विनयची मिसळ माझ्याकडून.